गेरोना, दोन कुत्री, बांधलेली

आमच्या गावात सगळ्यांची आडनावं एकाच अक्षरानं सुरू होतात. इथे स्पॅनिश राज्य होतं तेव्हा एका साहेबानं म्हणे आडनावांच्या पुस्तकातलं एक पान आमच्या गावाला दिलं, पुढचं शेजारच्या गावाला दिलं आणि तो जेवायला गेला. आमच्या वाट्याला ‘ग’ आला. त्यामुळे इथे गारिंगालाव, गेमारिनो, गेरोना आणि गुमाबोंग सोडून कुणी राहत नाही, आणि एकट्या गेरोनांचीच पासष्ट घरं आहेत. घरांना नंबर नाहीत. रस्त्यांना नावं आहेत, पण ती निवडणुकीच्या आधी पाट्यांवर येतात आणि निवडणूक झाली की त्या पाट्यांची कोंबड्यांची खुराडी होतात.

अशा गावात तेओपिस्तो गुमाबोंग एकोणतीस वर्षं पत्रं वाटत होते. सगळे त्यांना नोंग पिस्तो म्हणत. वडीलधाऱ्या पुरुषाला आमच्याकडे नोंग म्हणतात आणि बाईला नांग. अंगानं काटक, बोलणं कमी, आणि पँट नेहमी जरा जाड दिसणारी. त्यांची बायको प्रत्येक नव्या पँटला गुडघ्याखाली आतून जुन्या जीन्सचं अस्तर लावून देई. गावातल्या कुत्र्यांबद्दल तिचं जे मत होतं ते तिनं असं शिवून ठेवलं होतं.

पोस्टात त्यांच्या खणात एक वही असे. तिच्यात माणसांपेक्षा कुत्री जास्त होती. ‘गेरोना, काळा, डावा कान अर्धा, मागून येतो.’ ‘गेरोना, म्हातारी पांढरी, नुसती भुंकते.’ ‘गेमारिनो, कुत्रा नाही, बदक चावतं.’ पत्ता सांगायला दुसरं काही नसल्यामुळे नोंग पिस्तो घरं कुत्र्यांवरून ओळखत, आणि ते चुकत नसत. पोस्टात नवा माणूस आला की साहेब त्याच्या हातात नकाशा देत आणि नोंग पिस्तो वही देत. दुसऱ्या दिवशी नकाशा टेबलावर असे आणि वही पिशवीत.

आता आमच्याकडची रीत अशी, की फाटकापाशी उभं राहून हाक मारायची. आतून ‘या’ आलं नाही तर आत जायचं नाही, आणि ‘या’ आलं तर बाहेर थांबायचं नाही. यातली दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. बोलावूनही जो फाटकाबाहेर उभा राहतो, तो त्या घरावर अविश्वास दाखवतो, आणि त्याच्याबद्दल मग आठवडाभर बोललं जातं. शिवाय ‘या’च्या पाठोपाठ दुसरं एक वाक्य येतंच येतं. ‘चावत नाही तो.’

नोंग पिस्तोंना एकोणतीस वर्षांत अकरा वेळा कुत्रं चावलं. अकराही कुत्री न चावणारी होती. चावल्यावर मालक आधी कुत्र्याकडे बघे, मग नोंग पिस्तोंकडे, आणि त्या दुसऱ्या बघण्यात जरा संशय असे, की आमच्या कुत्र्याला असं वागायला लावणारं यानं केलं तरी काय? नोंग पिस्तो ‘काही नाही, काही नाही’ म्हणत, सही घेत आणि वर आभार मानून निघत.

बारावं कुत्रं रुपेर्तो गेरोनांचं.

नोंग रुपेर्तो आधी तीनचाकी चालवत, आता कोंबडे झुंजवतात आणि उरलेल्या वेळात मत देतात. घर चालतं ते त्यांच्या बायकोच्या, नांग सालवासियोंच्या दुकानावर. चॅपलशेजारी जाळीच्या खिडकीतून त्या साबण, सिगारेटी आणि सुकी मासळी विकतात. कुत्र्याचं नाव हेनेराल, म्हणजे जनरल. पिवळट, छातीवर पांढरा डाग, शेपूट मधेच मोडल्यासारखी. चोर येऊ नये म्हणून पाळलेला. चोर कधी आला नाही, त्यामुळे हेनेराल चांगलं काम करतो असं घरात मानलं जाई.

सरकारनं सगळ्यांना ओळखपत्रं द्यायचं ठरवलं त्या वर्षी पोस्टमनचे हाल झाले. पत्र फाटकात खोचून जाता येतं, ओळखपत्रावर सही लागते. एका मंगळवारी नोंग पिस्तो नांग सालवासियोंचं कार्ड घेऊन गेले. हाक मारली. आतून ‘या’ आलं. चावत नाही तो, हेही आलं. नोंग पिस्तो आत गेले, नांग सालवासियों पेन शोधायला वळल्या, आणि हेनेरालनं अस्तर संपतं तिथे, घोट्याच्या वर, चार दात रोवले. सोडवायला नोंग रुपेर्तोंना झाडू मोडावा लागला.

‘याआधी कधी कुणाला चावला नाही,’ नोंग रुपेर्तो म्हणाले.

नोंग पिस्तो ‘काही नाही’ म्हणाले आणि त्यांनी आधी सही मागितली.

नांग सालवासियोंनी जखमेवर लसूण चोळला आणि वर व्हिनेगर ओतलं. ते आमच्याकडे सगळेच करतात. तालुक्याच्या दवाखान्यातली नर्स मात्र त्या वासानंच भडकली. आधी साबणाच्या पाण्यानं पंधरा मिनिटं धुवायचं एवढंसुद्धा तुम्हाला कळत नाही, सॅलड करायचंय का पायाचं, असं तिनं विचारलं. मग लस टोचली. जखम खोल होती, त्यामुळे जखमेतच टोचायचं दुसरं एक इंजेक्शन लागत होतं, पण ते त्या आठवड्यात जिल्ह्यात कुठेच नव्हतं. म्हणून तिनं बजावून सांगितलं, की लशीचे सगळे डोस घ्या आणि कुत्र्यावर चौदा दिवस नजर ठेवा. चौदा दिवस ते खातंपितं राहिलं तर ते पिसाळलेलं नव्हतं, निवांत झोपा. मेलं, वेड्यासारखं करायला लागलं किंवा दिसेनासं झालं, तर त्याच दिवशी इकडे या.

दुसऱ्या दिवशी प्रकरण आमच्या वॉर्डाच्या कार्यालयात आलं. मी तिथे सचिव आहे, म्हणजे भांडणं ऐकायची, मग ती नीटनेटक्या अक्षरात लिहायची. वॉर्डाच्या प्रमुख कॅपिताना लेओनिला. बाई मुळात सुईण, त्यामुळे कुणाच्या ओरडण्यानं गडबडत नाहीत. नोंग पिस्तो तक्रार करायला तयारच नव्हते. शेजारच्या माणसाला कार्यालयात कसं खेचायचं, म्हणत होते. त्यांना त्यांच्या बायकोनं दंडाला धरून आणलं होतं. नोंग रुपेर्तोंची तयारी वेगळीच होती. त्यांनी येताना कोयता आणला होता. आत्ताच्या आत्ता जाऊन कुत्र्याचा निकाल लावतो, पिस्तोसमोर लावतो, म्हणजे माझ्या मनात काही नाही हे सगळ्यांना दिसेल.

कॅपितानांनी आधी कोयता माझ्या टेबलाखाली ठेवायला लावला. मग त्यांना समजावलं, की मेलेलं कुत्रं पिसाळलेलं होतं की नव्हतं हे बघायला त्याचं डोकं कापून बर्फातून शहरात न्यावं लागतं. ते तुम्ही नेणार आहात का, आणि नेईपर्यंत या माणसानं काय करायचं? तेव्हा सध्या या गावात सगळ्यात जपून ठेवायचा जीव असेल तर तो हेनेराल.

मी करार लिहिला. सदर कुत्रा चौदा दिवस बांधून ठेवायचा. त्याला मारायचा नाही, विकायचा नाही, मोकळा सोडायचा नाही. रोज पोस्टमन फेरीला येईल तेव्हा त्याला दाखवायचा. सुया टोचून घ्यायला जाण्यायेण्याचा खर्च मालकाचा. दोघांनी सह्या केल्या. करार चांगला झाला असं मला वाटलं होतं.

नोंग पिस्तो रोज जाऊ लागले. दहाच्या सुमारास फाटकाशी मोटरसायकल थांबे, पत्र असो की नसो. नारळाच्या बुंध्याला बांधलेल्या हेनेरालसमोर चार हात अंतरावर ते उकिडवे बसत आणि विचारत. जेवला का? काय जेवला? पाणी प्यायला का? किती? रात्री झोपला का? नांग सालवासियों आधी ओशाळून, मग कंटाळून उत्तरं देत. माझी सासू दोन वर्षं अंथरुणावर होती, तिची कुणी एवढी चौकशी केली नाही, असं त्या दुकानात गिऱ्हाइकांना सांगत. चौथ्या दिवशी हेनेरालनं भात तसाच ठेवला, तर नोंग पिस्तोंचा चेहरा राखेसारखा झाला. मग कळलं, की सकाळीच त्यानं दुकानातली अर्धा किलो सुकी मासळी खाल्ली होती. त्या दिवशी नोंग पिस्तोंनी मासळीचे पैसे स्वतःहून दिले. आनंदानं दिले. कुत्र्याला माणूस चावल्यासारखी सगळी उलटी गंमत चालली होती.

ही गंमत अर्थातच गावानं सोडली नाही, पण गावानं ती नोंग पिस्तोंवर न करता नोंग रुपेर्तोंवर केली. रविवारी कोंबड्यांच्या झुंजीला ते गेले, तर कुणी विचारे, आज कोंबडा आणलास की हेनेरालला उतरवणार? कुणी म्हणे, रुपेर्तोच्या घरी पत्र न्यायचं तर पोस्टमननं आधी मृत्युपत्र करावं. त्यात त्यांचा कोंबडा पहिल्याच उडीत पडला. घरी येताना नोंग रुपेर्तोंनी माडी घेतली आणि एक उदार विचार केला.

सोमवारी नोंग पिस्तो फाटकाशी आले तेव्हा नारळाच्या बुंध्यापाशी दोरी नव्हती आणि कुत्राही नव्हता. नोंग रुपेर्तो हसत बाहेर आले.

‘ये, पिस्तो. आता बिनधास्त ये. तुझ्या वाटेतला काटा काढला मी.’

‘हेनेराल कुठाय?’

‘डोंगरात. इगदालागला चुलतभावाकडे देऊन टाकला काल. त्याला डुकरं राखायला हवाच होता.’

नोंग पिस्तो पायरीवर बसले. मग म्हणाले, ‘कार्यालयात चल.’

नोंग रुपेर्तो आले ते कराराची त्यांची प्रत घेऊनच. माझ्यासमोर त्यांनी ती उलगडली आणि बोट ठेवून वाचली.

‘मारायचा नाही. मारला नाही. विकायचा नाही. एक पैसा घेतला नाही. मोकळा सोडायचा नाही. दोरीसकट दिला. द्यायचा नाही असं कुठे लिहिलंय? तीनदा वाचलं मी. तू सचिव आहेस, दाखव मला.’

मी दाखवू शकलो नाही. लिहिलं नव्हतं. आमच्याकडे चुकी झाली की माणूस काहीतरी देतो. कोंबडी देतो, केळीच्या पानातला चिकटभात देतो, झालंच तर मुलाच्या लग्नाला बोलावतो. चुकी केलेला कुत्राच देऊन टाकेल हे मला सुचायला हवं होतं.

कॅपिताना मला बोलल्या ते इथे लिहीत नाही.

त्याच दुपारी ते दोघं आणि मी असे आम्ही तिघं भाड्याच्या मोटरसायकलवर इगदालागला गेलो. चालवणारा चौथा. अठरा किलोमीटर चढ, त्यातले शेवटचे पाच पावसानं वाहून नेलेले. वाटेत नोंग रुपेर्तो मधूनमधून सांगत होते, की इथली हवा कुत्र्यांना मानवते. चुलतभाऊ डुकरांच्या गोठ्यापाशी भेटला आणि आम्हाला बघून खूश झाला. मग त्यानं सांगितलं, की कुत्रा रात्रीच दोरी चावून गेला. दोरीचं टोक त्यानं दाखवलं. ओलं नव्हतं, सुकलेलं होतं. कुठे गेला? खालच्या बाजूला, नाहीतर वरच्या. त्यानं बघितलं नव्हतं.

‘घरीच निघाला असणार,’ नोंग रुपेर्तो म्हणाले. ‘हुशार आहे तो.’

शहाणं कुत्रं नव्या जागेवरून पळून घराकडे येतं. पिसाळलेलं कुत्रंही घर सोडून पळतं, आणि मग ते येत नाही. दोन्हीत पळून गेलेल्या पहिल्या दिवशी फरक काहीच नसतो.

उतरताना नोंग पिस्तोंनी पहिल्यांदा एक गोष्ट सांगितली. ते पोस्टात लागले तेव्हा त्यांना काम शिकवणारे आम्ब्रोसियो म्हणून एक पोस्टमन होते. त्यांना एका फेरीत कुत्र्याच्या पिल्लानं ओरखडलं. पिल्लू म्हणून त्यांनी कुणाला सांगितलंही नाही. अडीच महिन्यांनी नोंग पिस्तो त्यांना दवाखान्यात भेटायला गेले. तहान लागलीय म्हणून आम्ब्रोसियोंनी पाणी मागितलं. पेला तोंडाशी नेला आणि मानेला कुणी पिळावं तसे ते वाकडे झाले. पुन्हा मागितलं, पुन्हा तेच. शेवटी ते पेल्याकडे बघूनच रडायला लागले. नोंग पिस्तोंनी एवढंच सांगितलं. नोंग रुपेर्तो पुढे बसले होते. ते नंतर घरापर्यंत हवेबद्दल बोलले नाहीत.

मंगळवारी, सातव्या दिवशी, लशीचा पुढचा डोस होता. नर्सनं सुई टोचली, कुत्र्याचं ऐकलं आणि विचारलं, दिलं म्हणजे? कुणाला दिलं? कशाला दिलं? मग दुसऱ्या इंजेक्शनसाठी तिनं शहरात तीन फोन केले, तिन्हीकडून नाही आलं, आणि ती म्हणाली, की लस चालू ठेवा, ती आपलं काम करते, आणि तुम्ही कुत्रं शोधा.

मंगळवारी आणि शुक्रवारी गावातली पत्रं वाटून झाली की नोंग पिस्तो डोंगराकडच्या फेरीला जात. त्या मंगळवारी त्यांनी पत्रं वाटली आणि प्रत्येक फाटकाशी पिवळट कुत्र्याची चौकशी केली, छातीवर डाग, शेपूट मोडलेली. लोकांनी पत्रं घेतली आणि सांगितलं, की असा कुत्रा बघितला नाही, आणि या ना आत, आमचा चावत नाही. बुधवार, गुरुवार ते गावात फिरले. नोंग रुपेर्तोही फिरत होते, पण वेगळ्या रस्त्यानं, कारण दोघं भेटले की काय बोलावं हे कुणालाच कळत नव्हतं. घरी नोंग पिस्तो पाणी पिताना दरवेळी थांबतात, असं त्यांच्या बायकोनं माझ्या आईला सांगितलं. पेला हातात घेतात, एक घोट घेतात, आणि मग उरलेलं भराभर पितात.

शुक्रवारी, दहाव्या दिवशी, मी त्यांच्याबरोबर गेलो. कॅपितानांनी पाठवलं होतं. मोटरसायकलवर मागे बसून वही मी धरली होती. मैलाच्या सातव्या दगडापुढे, जिथे खोबरं वाळवायचे ओटे आहेत, तिथे एक एकटं घर लागतं. नोंग पिस्तोंनी फाटकापाशी गाडी थांबवली आणि तिथेच पाय टेकून बसून राहिले. माझ्या हातातल्या वहीत त्यांनी बोट घातलं आणि पान काढलं. ‘गेरोना, दोन कुत्री, बांधलेली.’

अंगणात ओट्याच्या कडेला तीन कुत्री बांधली होती.

तिसरं पिवळट होतं. खूप बारीक झालेलं, अंगभर गोचिड्या, शेपूट मधेच मोडलेली.

आतून बाई आली. बारीक, उंच, हात खोबरेल तेलानं चकाकणारे. नांग बेनेरांदा गेरोना. एकटीच राहते, मुलगा बोटीवर आहे आणि त्याची पत्रं येतात. नोंग पिस्तोंनी विचारलं, हे तिसरं कुठलं?

‘मला काय माहीत कुठलं,’ ती म्हणाली. ‘काल संध्याकाळी रस्त्यावरून आलं आणि ओट्याखाली पडलं. आज शुक्रवार. तुम्ही येणार. म्हणून बांधलं.’

‘तुमचं नाही, तरी?’

‘माझ्या अंगणात आहे ना? तुम्हाला चावलं असतं तर तुम्ही काय म्हणाला असतात, रस्त्यानं चावलं?’

नोंग पिस्तोंनी तिला विचारलं, की ते पाणी पितं का. तिनं करवंटी उचलली, पिंपातून भरली आणि काठीनं हेनेरालपुढे ढकलली. कुत्र्यानं आधी आमच्याकडे बघितलं. मग मान खाली घातली आणि पाणी लपालपा प्यायला लागला. करवंटी संपवली, चाटली, आणि तिला पुढे ढकलत ढकलत दोरी ताणली जाईपर्यंत गेला. तिनं परत भरली. दुसरीही संपवली. नोंग पिस्तो उकिडवे बसून बघत होते. तिसऱ्या करवंटीला नांग बेनेरांदा म्हणाली, की आता पुरे, पोट फुटेल, आणि तुम्हाला पण हवंय का पाणी, तुमचे ओठ बघा किती सुकलेत. नोंग पिस्तो हो म्हणाले. तिनं पेला दिला, तो त्यांनी एका दमात संपवला आणि मग तिच्या मुलाचं पत्र काढून दिलं. ते द्यायचं विसरले होते. एकोणतीस वर्षांत पहिल्यांदा.

कुत्रा आम्ही तिथेच ठेवला. नोंग पिस्तोंनीच तसं मागितलं, आणि तिनं चौदाव्या दिवसापर्यंत ठेवायचं कबूल केलं. मी कराराला एक पुरवणी लिहिली आणि त्यात ‘कोणालाही कोणत्याही कारणाने देऊ नये’ असं दोनदा घातलं. सोमवारी नोंग पिस्तो सुट्टी काढून नुसते बघायला जाऊन आले. मंगळवारी आम्ही सगळे गेलो. हेनेराल उभा होता, खात होता, आणि नोंग रुपेर्तोंना बघून त्याची मोडकी शेपूट हलायला लागली. नोंग रुपेर्तो त्याच्या मानेत तोंड घालून बराच वेळ बसले. मग त्यांनी नांग बेनेरांदाला एक कोंबडी दिली, आणि कुत्र्याला तांदळाच्या पोत्यात घालून, डोकं बाहेर ठेवून, खाली आणलं. लशीचा शेवटचा डोस राहिला होता तो पुढे नोंग पिस्तोंनी नर्सनं सांगितलेल्या दिवशी घेतला.

गोष्ट इथे संपायला हरकत नव्हती, पण गुरुवारी नांग सालवासियोंच्या नावानं त्यांच्या मुलीचं नोंदणीकृत पाकीट आलं.

मी तेव्हा दुकानाच्या खिडकीशी सिगारेट घेत होतो. नोंग पिस्तो फाटकाशी थांबले आणि त्यांनी हाक मारली. आतून ‘या’ आलं. हेनेराल अंगणात मोकळा होता, कडुनिंबासारख्या एका छोट्या झाडाखाली पाय पसरून. नोंग पिस्तो बाहेरच उभे राहिले.

‘या ना, नोंग,’ नांग सालवासियों आतून म्हणाल्या. आणि त्यांचं दुसरं वाक्य तोंडापर्यंत आलं होतं, ते त्यांनी गिळलं. मला दिसलं ते.

नोंग रुपेर्तो बाहेर आले. ‘अरे, ये की. चौदा दिवस झाले. दाखवून झालं, तपासून झालं. एवढं तपासलेलं कुत्रं जिल्ह्यात नसेल दुसरं.’

‘बांध आधी,’ नोंग पिस्तो म्हणाले.

‘करार संपला, पिस्तो.’

‘करार संपला. दात आहेत अजून.’

‘बोलावल्यावर बाहेर उभा राहणार तू? माझ्या दारात?’ नोंग रुपेर्तोंचा आवाज जरा चढला. दुकानाशी आणखी दोघं होते, ते आता नीट ऐकायला लागले.

‘उभा राहतो. आज घाईचं काही नाही. नाहीतर पाकीट पोस्टात परत नेतो, तिथे येऊन सही कर. मोकळं कुत्रं असलेल्या घरात मी आता जात नाही, रुपेर्तो. तुझ्याच नाही. कुणाच्याच.’

हे ते मोठ्यानं बोलले नाहीत. पाकीट छातीशी धरून, पोटरीवर अस्तर असलेले पाय फाटकापासून जरा लांब ठेवून, ते उभे होते. नोंग रुपेर्तोंनी माझ्याकडे बघितलं. मी करारात काही शोधत असल्यासारखं सिगारेटच्या पाकिटाकडे बघितलं. मग त्यांनी बायकोला विचारलं, की दोरी कुठे आहे.

‘मला विचारतोस?’ नांग सालवासियों म्हणाल्या. ‘दोरीसकट कोणी दिला होता?’

हेनेरालनं जांभई दिली. मग नांग सालवासियों बाहेर आल्या, दोन बांबूंमधल्या दोरीवर वाळत घातलेले कपडे एकेक करून खांद्यावर टाकले, ओल्या चादरीसकट, आणि दोरीची गाठ दातांनी सोडली. ती त्यांनी नवऱ्याच्या हातात दिली. नोंग रुपेर्तोंनी हेनेरालला नारळाच्या बुंध्याशी नेलं आणि बांधलं. नोंग पिस्तो म्हणाले, की आणखी एक गाठ. त्यांनी आणखी एक गाठ मारली.

मग नोंग पिस्तो आत गेले. नांग सालवासियोंच्या खांद्यावरून चादरीचं पाणी पायरीवर ठिबकत होतं, आणि त्या एका हातानं पेन शोधत होत्या.